एअर काढली तरी पेडल पुन्हा खाली: पिकअप आणि छोट्या ट्रकच्या ब्रेकचं समस्या निवारण

ब्रेक पेडल मऊ झालं, एअर काढली, दोन दिवस बरं वाटलं आणि आठवड्याभरात पेडल पुन्हा खाली. ही तक्रार घेऊन तीच गाडी पुन्हा पुन्हा गॅरेजच्या दारात येते आणि दर वेळी तेच होतं: निपल (चाकाजवळचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) सोडा, एअर म्हणजे लाइनमधली हवा काढा, ऑइल भरा, चला. पण ब्रेकची लाइन बंद असते. तिच्यात हवा आपोआप तयार होत नाही. ती कुठून तरी आत शिरते, किंवा ऑइलमधलं पाणी उकळून वाफ होते, किंवा हवा मुळात नसतेच आणि मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ढिले झालेले असतात. हे तीन वेगळे आजार आहेत. एअर काढणं हा त्यांतल्या पहिल्या दोघांवरचा उपाय आहे, आणि तोही हवा कुठून येते ते शोधलं नाही तर टिकत नाही.

इथली माहिती छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, ४०७ अशा हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, मध्ये व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) ही मांडणी धरली आहे. मोठ्या ट्रकला एअर ब्रेक असतो, त्याचं शेवटी थोडक्यात.

आधी पेडल काय सांगतंय ते ऐका

पाना हातात घेण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि पेडल चार-पाच वेळा सावकाश दाबून बघा.

पेडल रबरासारखं दबतं, खाली टेकत नाही पण टणकही होत नाही: लाइनमध्ये हवा आहे, किंवा होज पाइप (चाकाकडे जाणारी रबरी नळी) दाबाखाली फुगतोय.

पहिल्या दाबाला खोल जातं, लगेच दुसरा दाब दिला की वर येऊन टणक होतं: बहुतेक वेळा मागच्या ड्रममध्ये लायनरचं अंतर वाढलंय. इथे एअर काढून ऑइल वाया जातं.

टणक लागतं, पण पाय तसाच दाबून ठेवला तर हळूहळू खाली सरकतं: कुठेतरी गळती आहे, किंवा पेडलने ऑइल लाइनमध्ये ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे वायसर (रबरी सील) आतल्या आत ऑइल सोडताहेत.

पेडल दगडासारखं कडक, पायाला जोर लावावा लागतो: हवेचा संबंध नाही. बूस्टर, त्याचा पाइप किंवा व्हॅक्यूम पंप बघा.

घाट उतरताना मऊ होतं आणि खाली चहाला थांबलं की पुन्हा ठीक: ऑइल जुनं आहे, उकळतंय. पेडल टणकच आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर ऑइलचा दोष नाही, लायनर किंवा पॅड तापून पकड सोडताहेत.

गाडी एका बाजूला ओढते: ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक बहुधा चांगला आहे, दुसऱ्या बाजूचा काम करत नाही. अनेक जण उलट धरतात आणि चांगलं चाक उघडतात. एका बाजूचा ब्रेक मोकळा न होता धरून राहिला असेल तर मात्र गाडी तिकडेच ओढते, आणि ते चाक तापलेलं असतं.

पहिली तपासणी: टाकी आणि टॉर्च (खर्च शून्य)

बॉनेट किंवा सीट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. पॅड झिजतात तशी पातळी हळूहळू खाली येते, कारण डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरतं. हे नैसर्गिक आहे. महिन्यात खुणेच्या खाली गेली तर मात्र गळती आहे, आणि वरून भरत राहणं म्हणजे गळती लपवणं. काही गाड्यांत हायड्रॉलिक क्लच याच टाकीतून ऑइल घेतो, म्हणून क्लचचे सिलिंडरही बघा.

आता टॉर्च घेऊन गाडीखाली. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, होजच्या दोन्ही टोकांना, मागच्या अ‍ॅक्सलवरच्या टी-जोडावर आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला चिकटतो त्या फटीत बघा. ही फट सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटते. मास्टरचा मागचा वायसर गळला की ऑइल बाहेर न पडता बूस्टरच्या पोटात जातं. टाकी रिकामी होत राहते आणि खाली थेंबही दिसत नाही.

मागच्या चाकाच्या आतून ओघळ दिसला तर ते ब्रेक ऑइल आहे की डिफरन्शियलचं गिअर ऑइल, हे आधी ठरवा. बोटावर घेऊन पाण्याखाली धरा. ब्रेक ऑइल पाण्यात धुऊन जातं. गिअर ऑइल जात नाही, चिकट राहतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. गिअर ऑइल असेल तर व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलणारा सिलिंडर) बदलून उपयोग नाही, अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलंय. दोन्हीपैकी काहीही लायनरवर पसरलं असेल तर लायनर बदलायचेच. पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून ते वरवर कोरडे दिसतात, पण तापले की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं.

दुसरी: बूस्टर (खर्च शून्य, दोन मिनिटं)

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. डिझेल इंजिनवर त्यासाठी वेगळा पंप असतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच. बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप चिरलाय का, क्लिप ढिली आहे का, एवढं स्वतः बघता येतं.

उलटी तपासणीही करा. इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटांनी पेडल दाबा. पहिला दाब हलका लागला पाहिजे. पहिलाच कडक लागला तर पाइपमधला एकदिशा व्हॉल्व्ह किंवा बूस्टरचा पडदा व्हॅक्यूम धरत नाही.

तिसरी: मागच्या ड्रमची अ‍ॅडजस्टमेंट (खर्च नाही, अर्धा-पाऊण तास)

"एअर आली" म्हणून येणाऱ्या गाड्यांत ढिल्या लायनरच्या गाड्या भरपूर असतात. लायनर झिजला की व्हील सिलिंडरच्या पिस्टनला जास्त सरकावं लागतं, त्यासाठी जास्त ऑइल लागतं, म्हणून पेडल खोल जातं. अ‍ॅडजस्टर आपोआप चालणारा असला तरी धुळीने आणि गंजाने जाम होतो.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा. अ‍ॅक्सलखाली जॅक लावून मागचं चाक उचला आणि अ‍ॅक्सल घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. विटांवर तर मुळीच नाही, वीट वजनाखाली फुटते. ड्रममागच्या पत्र्याचं, म्हणजे बॅक प्लेटचं, रबरी बूच काढून चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने अ‍ॅडजस्टरची दातेरी चाकी फिरवा. चाक हाताने फिरेनासं झालं की तिथून तेवढंच मागे घ्या, की चाक मोकळं फिरेल आणि हलकं घासल्याचा आवाज येईल. दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवा, नाहीतर गाडी ओढेल.

हँडब्रेकची केबल याच्या नंतर. केबल ताणून लायनरचं अंतर झाकायची सवय वाईट आहे: अ‍ॅडजस्टर काम करणं बंद करतो आणि लायनर सतत घासत राहतो.

ड्रम उतरवलाच असेल तर रिव्हेटची डोकी लायनरच्या किती जवळ आलीत ते बघा. जवळ आली असतील तर बदला. रिव्हेट घासून ड्रमला चर पडले तर लेथवर ड्रम कापून घ्यावा लागतो. जास्तीत जास्त किती व्यास चालेल ते ड्रमवरच कोरलेलं असतं, त्यापलीकडे कापू नका. आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

चौथी: ऑइल कोणतं आहे आणि किती जुनं

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, होजच्या रबरातून आणि टाकीच्या झाकणातूनही. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं. पाणी मिसळलं की उकळण्याचं तापमान घसरतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावरची मर्यादा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. भरलेली गाडी कुंभार्ली किंवा आंबोली घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरली की कॅलिपरमधलं ऑइल जुन्या ऑइलची मर्यादा सहज गाठतं. वाफ दबते, ऑइल दबत नाही, म्हणून पेडल अचानक मऊ होतं. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा हा ड्रायव्हर लोकांचा जुना नियम यासाठीच आहे.

दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला. मॅन्युअलमध्ये त्याहून कमी मुदत असेल तर ती पाळा. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं ऑइलच घ्या. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, उलट नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ हे नाव जवळचं असलं तरी ते डॉट ३ आणि ४ च्याच कुळातलं आहे. उघडी ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका. २५० किंवा ५०० मिलीचे सीलबंद डबे घ्या: नुसती एअर काढायला अर्धा लिटर, पूर्ण ऑइल बदलायला एक लिटर जवळ असू द्या.

इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल, डिझेल यांचा थेंबही टाकीत जाऊ नये. ब्रेकचं रबर खनिज तेलाने फुगतं. एकदा गेलं तर मास्टरपासून चारही चाकांपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. झाकण काढल्यावर आतलं रबर फुगून बसेनासं झालं असेल तर ही चूक आधीच कोणीतरी केलेली आहे, तिथेच थांबा.

पाचवी: एअर काढणं, नीट

सामान: निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुतेक ८, १० किंवा ११ चा), निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक बाटली, फडकी, पाण्याची बादली आणि पेडलवर बसायला एक शहाणा माणूस. पाणी यासाठी, की ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं की लगेच धुवा. डोळ्यांना चष्मा लावा.

मागे भाराप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एलएसपीव्ही, असेल तर गाडी चाकांवर उभी ठेवूनच एअर काढा. चेसिस उचलून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, तो मागचं ऑइल अडवतो आणि हवा तिथेच राहते. उचलावीच लागली तर घोडी अ‍ॅक्सलखाली लावा. काही व्हॉल्व्हवर वेगळा निपल असतो, तो विसरू नका. त्याचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा.

क्रम: मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं क्लीनर साइडचं, मागचं ड्रायव्हर साइडचं, पुढचं क्लीनर साइडचं, शेवटी पुढचं ड्रायव्हर साइडचं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच.

इंजिन बंद ठेवा. निपलभोवतीची माती ब्रशने काढा. गंजलेल्या निपलवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं ऑइल मारा आणि सोडताना सहा कोनी सॉकेट वापरा. बारा कोनी पाना कडा गोल करतो. निपल तुटला तर व्हील सिलिंडर बदलण्याची वेळ येते. म्हणून सोडण्याआधी हलके ठोके द्या.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज वरच्या भागातच फिरतो. खालच्या भागात गंज आणि घाण साठलेली असते. पेडल तळापर्यंत गेलं की वायसर त्या खरबरीत भागावर घासून फाटतो. एअर काढायला आलेली गाडी मास्टर खराब करून जाते, ती अशी.

नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडवा. पेडलवरच्या माणसाने तीन-चार वेळा सावकाश दाबायचं, मग दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. तुम्ही निपल पाव ते अर्धा आटा सोडायचा. पेडल खाली जाईल, नळीतून ऑइल आणि बुडबुडे येतील. पेडल ठोकळ्यावर टेकण्याआधी निपल बंद करायचा, "सोड" म्हणायचं, आणि मगच त्याने पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते. बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांचं कारण एवढंच असतं. पेडल धपाधप मारू नका. हवेचे बारीक बुडबुडे ऑइलमध्ये फेसाळतात आणि मग तासभर निघत नाहीत.

दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. ती रिकामी झाली तर मास्टरमध्येच हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून. पहिल्या चाकाला वेळ लागेल, कारण लांबलचक लाइनमधलं जुनं ऑइल तिथूनच येतं. रंग स्वच्छ आणि बुडबुडे बंद झाले की पुढचं चाक. निपल घट्ट करताना जोर लावू नका, तो पोकळ आणि नाजूक असतो. रबरी टोपी परत घाला.

पुढचा कॅलिपर आधी कधी उतरवला असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा: निपल वरच्या टोकाला आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतो, हवा वर अडकते आणि कितीही ऑइल ओतलं तरी पेडल मऊच राहतं.

सहावी: हवा परत येतेय, मग कुठून?

एअर नीट काढली, पेडल टणक झालं आणि काही दिवसांत पुन्हा मऊ. पहिला संशयित मागचा व्हील सिलिंडर. त्याच्या वायसरचा ओठ दाबाखाली पसरून ऑइल अडवतो. पाय सोडला की दाब क्षणभर खूप उतरतो. ओठ झिजलेला असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत शिरते. म्हणून गळती दिसली नाही तरी हवा येऊ शकते. ड्रम काढून सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण उचला. किंचित ओल चालते. ऑइल साठलेलं असेल तर सिलिंडर गेला.

इथेच सगळ्यात मोठी काटकसर होते आणि तीच महागात पडते. पाण्याने गंजून सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पडलेले असतात आणि त्यावर नुसतं नवं किट (रबरी भागांचा संच) टाकलं जातं. खड्ड्यावरून वायसर घासतो आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच. नख फिरवून बघा: नख अडकलं की किट नको, पूर्ण सिलिंडर बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदम. भिंत गुळगुळीत असेल तरच किट. बसवताना ताजं ब्रेक ऑइल लावा, साधं ग्रीस नाही, तेही रबर फुगवतं.

दुसरा संशयित, जोडावरचे तांब्याचे वायसर. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बोल्टचे वायसर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. दर वेळी नवे घाला.

तिसरा, होज पाइप. पेडल दाबलेलं असताना हात लावून बघा, फुगतोय का. बाहेरून तडे गेलेला होज बदलाच. आतून सुजलेला होज उलटा त्रास देतो: दाब जातो, परत येत नाही, आणि ते चाक तापत राहतं.

कमानपाट्यांत जादा पान घातलेल्या गाड्यांबद्दल एक वेगळा मुद्दा. चेसिस वर राहते, त्यामुळे एलएसपीव्ही गाडी रिकामी समजतो आणि भर असतानाही मागे दाब कमी देतो. पुढचे पॅड लवकर संपतात आणि दोष पॅडच्या कंपनीला दिला जातो. हा व्हॉल्व्ह अंदाजाने हलवू नका, प्रेशर गेज लावूनच तो बसवतात.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

एक लिटर ऑइल संपवून चारही चाकांना दोनदा एअर काढली आणि पेडल तरी मऊ: पुढे तेच करत राहू नका. मास्टर सिलिंडर किंवा एलएसपीव्ही शिल्लक राहतो.

पाय दाबून ठेवल्यावर पेडल सरकतं आणि बाहेर कुठेही गळती नाही: मास्टर बदलायचा. नवा मास्टर बसवण्याआधी बाकावर त्यातली हवा काढावी लागते, हे काम अनुभवी हाताचं.

लोखंडी पाइप गंजून पापुद्रे सुटलेत: तुकडा जोडून, वेल्डिंग करून किंवा रबरी नळी घालून चालत नाही. पूर्ण पाइप, टोकाला योग्य फ्लेअर मारून, म्हणजे तोंड पसरवून.

एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत लाइन रिकामी झाली: तिच्या मॉड्युलेटरमधली हवा काढायला स्कॅनर लागतो.

ड्रमला किंवा डिस्कला तडा, बूस्टर निकामी, टाकीत चुकीचं तेल: घरचं काम नाही.

पेडल अचानक तळाला गेलं: गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. "हळूहळू नेतो, गिअरवर थांबवतो" हे सपाट रस्त्यावरसुद्धा ऐकू नका.

मोठ्या ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये ऑइल नसतं, त्यामुळे वरची कृती तिथे लागू नाही. रोज एअर टाकीचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढा, गळतीचा सुस्कारा ऐका, तेवढं पुरे. मागच्या स्प्रिंग ब्रेकचा चेंबर कधीही स्वतः उघडू नका. आत प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटली तर जीव घेते.

रस्त्यावर काढण्यापूर्वी

इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा; सरकता कामा नये. त्यानंतर चारही निपल आणि उघडलेले सगळे जोड कोरडे आहेत का बघा. मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने दोन-तीन वेळा थांबवून बघा, मग रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगाने, आणि भर घालून सगळ्यात शेवटी. पाच-सात किलोमीटरनंतर थांबून हाताची पाठ प्रत्येक चाकाजवळ न्या, टेकवू नका. एकाच अ‍ॅक्सलवरचं एक चाक जास्त गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय. एक थंडच असेल तर तिथे ब्रेक लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी बघा.

काढलेलं ऑइल पुन्हा टाकीत ओतू नका, कितीही स्वच्छ दिसो. गटारातही नको. बाटली बंद करून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या, पण इंजिन ऑइलच्या पिंपात मिसळू नका. मिस्त्रीकडे जावं लागलंच तर पेडलच्या कोणत्या तपासणीला काय झालं, कोणत्या चाकातून बुडबुडे जास्त आले आणि किती दिवसांत पेडल परत बसलं, हे कागदावर लिहून न्या. नुसतं "ब्रेक लागत नाही" सांगितलं तर तोही आधी एअरच काढेल.